हरिकेनचा निळा ठिपका



मंडळाच्या कपाटात जुन्या अहवालांशेजारी काचेच्या पेटीत एक चिमुकले विमान आहे. त्याविषयी आम्ही चार शब्द बोलावेत अशी चिटणिसांची आज्ञा झाली, ती शिरोधार्य मानून उभे राहिलो आहोत.

१९८६ साली आम्ही तिघे-चौघे विद्यार्थी होतो. एका नातलगांनी विलायतेहून हॉकर हरिकेन या लढाऊ विमानाच्या प्रतिकृतीचा संच आणून दिला. प्रमाण एकास बहात्तर. मूळ पंखांचा १२.२ मीटरांचा विस्तार येथे १७ सेंटिमीटरांत सामावलेला. आपल्या तंजावरची धावपट्टीही त्याच महायुद्धातली. तेव्हा हे विमान इंग्लंडच्या आकाशातले नव्हे, तर १९४४ साली अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली इंफाळच्या आघाडीवर लढलेल्या हिंदी हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनचे करावयाचे, असे आम्ही ठरविले.

ठरविणे सोपे होते. पूर्वेकडील हरिकेनच्या नाकाखाली धूळ गाळणारे फुगीर यंत्र असे. ते संचात नव्हते. वीणा घडविणाऱ्या एका कारागिरांनी दिलेल्या फणसाच्या लाकडाच्या ढलपीतून आम्ही ते कोरले. बिनतारी संदेशाच्या तारेसाठी वीणेचीच बारीक तार लावावी असा आमचा मोठा बेत. परंतु हिशेब केल्यावर कळले की तिची जाडी बहात्तर पटींनी वाढविली तर विमानावर दोराच बांधल्यासारखा होईल. अखेर प्लॅस्टिकच्या उरलेल्या काडीला पणतीवर ऊब देऊन ती हलकेच ओढली, तेव्हा केसासारखा तंतू निघाला. (चार काड्या आणि एक बोट भाजल्यानंतर, हे प्रामाणिकपणे सांगावयास हवे.) आश्विन-कार्तिकातला आपला पाऊस तर रंगाचा वैरीच. दमट हवेत लावलेला रंग दुधाळ होई, तो खरवडून पुन्हा लावावा लागे.

कोजागरीच्या संमेलनात आम्ही विमान मोठ्या ऐटीने मांडले. मंडळाचे एक ज्येष्ठ सभासद युद्धकाळात हवाई दलात फिटर होते. त्यांनी चष्मा सरसावून विमान बराच वेळ न्याहाळले. शेपटीकडील धडावर बोट ठेवून म्हणाले, "इथं कापड असायचं. फाटलं की आम्हीच ठिगळ लावायचो." मग पंखावरील वर्तुळाकडे पाहून हळूच म्हणाले, "आणि पोरांनो, हा लाल ठिपका आम्ही आमच्या हातांनी झाकला रे."

आम्ही खजील झालो. संचातील चित्र जसेच्या तसे उतरविले होते. जपानी विमानांवर लाल गोळा असे. दुरून पाहणाऱ्याची फसगत होऊन आपल्याच तोफा आपल्या विमानावर चालू नयेत, म्हणून १९४२-४३ च्या सुमारास पूर्वेकडील विमानांवरून लाल रंग काढण्यात आला आणि पुढे गडद निळ्यात फिका निळा असे चिन्ह रूढ झाले. हे आम्हांला ठाऊक नव्हते. काकांनी मात्र यापूर्वी युद्धाविषयी मंडळात कधी चकार शब्द काढला नव्हता. त्या रात्री ते दूध आटेपर्यंत बोलत राहिले. परत न आलेल्या विमानांविषयीही बोलले.

दुसऱ्या दिवशी आम्ही निळा रंग कालवून त्यांच्या घरी गेलो. कुंचला त्यांनी आमच्या हातून घेतला. वयोमानाने हात कापत होता. पेटीतील विमान जवळून पाहणारांस डाव्या पंखावरील ठिपका मध्यापासून किंचित सरकलेला दिसेल. तो आम्ही आजतागायत दुरुस्त केलेला नाही.