पाऊण मिलिमीटरचं भोक

मुंबईत दादरला, शिवाजी पार्कच्या एखाद्या घरात स्वयंपाकघरातल्या टेबलावर सर्किट बोर्ड बनवायचा असेल, तर सामान मिळेल ग्रँट रोडजवळ, लॅमिंग्टन रोडला. दादरहून लोकलने जा, पण आधी बोर्ड कसला आहे ते ठरवा. तपकिरी, कागदी फिनॉलिक बोर्डाला साधं हायस्पीड स्टीलचं बिट चालतं. हिरवट काच-इपॉक्सीचा बोर्ड मात्र त्याची धार पाहता पाहता खातो. तिथे कार्बाइडच हवं. कार्बाइड कडक, पण ठिसूळ. हातातलं ड्रिल जरा तिरकं झालं की बिट कटकन तुटतं. म्हणून आधी छोटा ड्रिल स्टँड घ्या. माझ्या मते महागड्या ड्रिलपेक्षा तो मोलाचा.

आयसी आणि छोट्या रेझिस्टरला ०.८ मिलिमीटरचं बिट, जाड पायांच्या डायोडला १, स्क्रूला ३. ड्रिलचा चक इतकं बारीक बिट पकडतो ना, हे दुकानातच तपासा. तांब्याच्या ठिपक्याच्या मधोमध ॲसिडने कोरलेली खळी ठेवा, बिट घसरत नाही. बोर्डाखाली लाकडाची फळी हवी. आणि काचेची धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नका: मास्क, चष्मा लावा, नंतर ओल्या फडक्याने टेबल पुसा.