पांदणीत पोलीस नसतो

अमरावतीच्या पंचवटी चौकात किंवा अकोल्याला अशोक वाटिकेजवळ सिग्नलला थांबलेल्या मोटारसायकली पाहा. बऱ्याच डोक्यांवर हेल्मेट दिसतं. शहर मागे पडलं, गाडी दर्यापूरच्या किंवा अकोटच्या वाटेला लागली, की तेच हेल्मेट पेट्रोलच्या टाकीवर येऊन बसतं, नाहीतर कोपरात अडकतं. आणि घरून वावरात जायचं असेल तर ते खुंटीवरून निघतच नाही. यामागे एक हिशेब आहे. हेल्मेट हायवेसाठी, वेगासाठी आणि खरं सांगायचं तर पोलिसासाठी. दोन-तीन किलोमीटरची पांदण, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, समोर ओळखीचाच माणूस. तिथे डोक्यावर ते बोचकं कशाला? हा हिशेब वरवर चोख वाटतो, पण त्यात एक गोष्ट धरलेलीच नाही. तेवढ्यापुरतंच आज बोलणार आहे.

ती गोष्ट म्हणजे उंची. मोटारसायकलवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. गाडी जागच्या जागी आडवी झाली आणि तेवढ्या उंचीवरून डोकं थेट खाली आलं, तर जमिनीला लागताना त्याचा वेग ताशी १९ ते २० किलोमीटर असतो. शाळेत शिकलेल्या पडत्या दगडाच्या गणिताने हा आकडा कुणालाही काढता येईल. यात गाडीचा वेग शून्य धरला आहे. म्हणजे गाडी किती हळू होती, याचा या आपटण्याशी संबंधच नाही. गाडीचा वेग तुम्हाला पुढे फरफटत नेतो, आणि खाली आपटते ती उंची. आता डोकं दगडावर किंवा मुरमावर आपटलं की थांबायला त्याला फार तर अर्धा सेंटिमीटर जागा मिळते. तेवढ्यात ताशी वीसचा वेग शून्य व्हायचा, तर कवटीला गुरुत्वाकर्षणाच्या ३०० पटींच्या आसपास झटका सोसावा लागतो. हेल्मेटच्या आत जो थर्मोकोलसारखा थर असतो, तो चेपत चेपत डोक्याला अडीचेक सेंटिमीटर जागा देतो. जागा पाचपट झाली की झटका पाचवा हिस्सा उरतो. भरलेली घागर डोक्यावर घेताना बायका खाली चुंबळ ठेवतात, तसलंच हे काम आहे. फक्त इथे घागरीच्या जागी आपली कवटी असते. हेल्मेटची बाहेरची कडक कवची चमकते म्हणून लोक तिचीच पारख करतात, पण जीव वाचवणारा भाग आतला, तो बोटभर जाडीचा, दिसायला अगदी मामुली थर आहे.

हे गणित लोकांच्या ध्यानात आलं तेही एका घराजवळच्या अपघातातून. टी. ई. लॉरेन्स, ज्याला जग ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ओळखतं, तो पहिल्या महायुद्धातून सुखरूप सुटला आणि १९३५ च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये आपल्या घराजवळच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून पडला. सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना. सहा दिवसांनी तो गेला. त्याच्यासाठी बोलावलेल्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांनी ही गोष्ट मनातून काढली नाही. १९४१ साली त्यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींवर निबंध प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने निरोप पोचवणाऱ्या आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. पुढे जगभर झालेल्या ६१ अभ्यासांचा एकत्र आढावा २००८ मध्ये घेतला गेला. त्यात दिसलं की अपघातात सापडलेल्या स्वाराच्या डोक्यावर हेल्मेट असेल तर मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका ६९ टक्क्यांनी कमी होतो. शंभर टक्के नाही, हे मुद्दाम सांगतो. ट्रकखाली गेलेल्या माणसाला हेल्मेट वाचवत नाही, आणि तसा दावा करणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

आपल्या देशाचा आकडा पाहा. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यात दुचाकीवरची ७४,८९७. आणि हेल्मेट नसलेली ५०,०२९. ही सगळीच हेल्मेटमुळे वाचली असती असं म्हणणं चूक होईल. पण त्या ४२ टक्क्यांचा ढोबळ हिशेब लावला तरी संख्या वीस हजारांच्या पुढे जाते. मला यातला दुसरा तपशील जास्त अस्वस्थ करतो. या ५०,०२९ पैकी १४,३३७ जण गाडी चालवत नव्हते, मागे बसले होते. आपल्याकडे मागे कोण बसतं? साडी नेसून, दोन्ही पाय एका बाजूला टाकून, एका हातात पिशवी आणि मांडीवर लेकरू घेऊन बसलेली बाई. तिचा एक हात सीटच्या कडीला, तोही असला तर. गाडी गतिरोधकावरून किंवा नालीवरून उसळली की चालवणारा हँडलला धरून सावरतो, आणि ती मागच्या मागे उलथते. डोक्याची मागची बाजू सरळ डांबरावर. गाडीचा वेग तेव्हा ताशी पंधराही नसतो. नवऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट आणि बायकोच्या डोक्यावर पदर, हे चित्र आपल्या इतकं सवयीचं झालं आहे की त्यात काही खटकतही नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतरचा कायदा तर चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट घालायला सांगतो, मग तो पुढे बसो की मागे.

आता पांदणीकडे येऊ. हायवेवरचा धोका सगळ्यांना पटतो. अमरावती ते अकोला या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर लोणी ते मूर्तिजापूर या पट्ट्यात एका लेनचा ७५ किलोमीटर रस्ता २०२२ च्या जूनमध्ये १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून झाला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. त्या गुळगुळीत रस्त्यावर भरधाव जाणारा माणूस निदान सावध तरी असतो. पांदणीत सावधपणा सुटलेला असतो, आणि तिथली जमीन काही साधी नाही. आपली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि मृगाच्या पहिल्या सरीनंतर लोण्यासारखी होते. ती चाकाला चिकटते, मडगार्डखाली ठासून बसते आणि पुढचं चाक फिरता फिरता एकदम अडतं. चाक अडलं की गाडी थांबते, माणूस थांबत नाही. त्यात पाठीवर फवारणीचा पंप, मागे गवताचा भारा, हँडलला दुधाची कॅन. गाडीचा तोल आधीच निम्मा गेलेला. संध्याकाळी परतताना तुरीतून रोही उसळतो किंवा रानडुकराचा कळप आडवा पळतो, आणि रोह्याला शिट्टी-हॉर्न काही कळत नाही. आता २०२१ पासून मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेत पांदण रस्ते पक्के होऊ लागले आहेत. ही चांगलीच गोष्ट, कास्तकाराची कित्येक वर्षांची मागणी. पण जिथे चिखल होता तिथे गिट्टी आली, म्हणजे पडायची जागा कडक झाली आणि गिअर दुसऱ्यावरून चौथ्यावर गेला, एवढं ध्यानात असू द्यावं.

पांदणीत पडलेल्या माणसाची आणखी एक अडचण आहे. कवटीच्या आत हाडाला लागून असलेली रक्तवाहिनी फुटली तर बाहेर कधी कधी ओरखडाही दिसत नाही. माणूस उठतो, कपडे झटकतो, पाणी पितो, ‘काही नाही झालं’ म्हणतो, गाडी काढून घरीही येतो. आत रक्त साचत राहतं. तासा-दोन तासांनी डोकं दुखतं, ओकारी होते, सुस्ती येते, आणि घरचे म्हणतात थकला असेल, झोपू द्या. हायवेवर पडलेल्याभोवती निदान गर्दी जमते, कुणीतरी १०८ ला फोन करतं. वावरातून आलेला माणूस आपल्या पायाने खाटेवर जातो. आणि धारणीकडचा असेल तर अमरावती तिथून दीडशे किलोमीटरच्या घरात, मध्ये मेळघाटाचा घाट. जिथे दवाखाना लांब, तिथे डोक्याची काळजी आधी घ्यावी लागते. आपण नेमकी उलट वाटणी करून बसलो आहोत.

कुणी म्हणेल, दोन चाकांचा तोल जातो हे ठीक, चार चाकांवर काय भीती? याचं उत्तर ज्या देशांत शेतकरी चार चाकांची उघडी गाडी वावरात फिरवतात तिथे मिळतं. तिला एटीव्ही किंवा क्वाड बाइक म्हणतात. आपल्याकडे लोणावळ्याला, महाबळेश्वरकडे किंवा गोव्याला सहलीला गेलेली मंडळी हौसेने तिच्यावर बसतात. फुगलेली मऊ चाकं, रुंद सीट, बघूनच वाटतं ही काही उलटायची नाही. पण तिची उंची जास्त, लांबी-रुंदी बेताची, आणि बऱ्याच गाड्यांची मागची दोन्ही चाकं एकाच सलग दांड्यावर. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त फिरावं लागतं; मोटारीत तशी सोय असते, इथे ती नसते. मग गाडी वळायच्या ऐवजी सरळ रेटते, बसणाऱ्याने अंगाचा भार टाकून तिला वळवायचं, आणि धुऱ्यावर एक चाक चढलं की अडीचशे-तीनशे किलोची ती गाडी माणसासकट कलंडते. अमेरिकेत तिचा तीनचाकी प्रकार सरकार आणि कंपन्यांमधल्या १९८८ च्या तडजोडीनंतर विक्रीतून गेला. ऑस्ट्रेलियाने २०२१ च्या ऑक्टोबरपासून शेतीकामाच्या नव्या क्वाड बाइकला मागे संरक्षक सांगाडा सक्तीचा केला, कारण तिथे माणसं गाडीखाली दबून मरत होती. तिथे हेल्मेट एकटं पुरत नाही, हे मान्य. छातीवर गाडी पडली तर हेल्मेट काय करणार? पण त्याच कलंडण्यात आधी डोकं दगडावर आपटतं, आणि त्याला उपाय हेल्मेटच आहे. गंमत अशी की आपल्या मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ ‘मोटारसायकल’बद्दल बोलतं, आणि कायद्याच्या व्याख्येत मोटारसायकल दोन चाकांची. चारचाकी एटीव्ही त्यात बसत नाही. रिसॉर्टच्या आवारात तिच्यावर बसणाऱ्याला चलान फाडायला कुणी येणार नाही. म्हणून पोरांना तिच्यावर बसवताना तिथे मिळणारं हेल्मेट डोक्यावर हलतंय का, पट्टा हनुवटीखाली खरंच बसतोय का, हे आईबापांनीच बघायचं. ढिलं हेल्मेट माणसाच्या आधी उडतं.

हेल्मेटवरच्या आक्षेपांत उन्हाचा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे, आणि पुण्या-मुंबईतून लिहिलेल्या सूचनापत्रकांत तो हसण्यावारी नेला जातो. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा बंद हेल्मेटमध्ये डोकं घालणं म्हणजे काय, ते इथल्या माणसाला कुणी सांगायला नको. पण तोच माणूस त्याच उन्हात डोक्याला, कानांना, तोंडाला दुपट्ट्याचे तीन वेढे देतो आणि उघड्या डोक्याने निघणाऱ्याला वेडा म्हणतो. म्हणजे डोकं झाकायला आपली ना नाही. पातळ सुती दुपट्टा ओला करून घट्ट पिळला, एकच पदर डोक्यावर घेतला आणि वर फिक्या रंगाचं, हवेला झरोके असलेलं हेल्मेट घातलं, तर पंधरा-वीस मिनिटांची वाट निघते. जाड वेढे मात्र नकोत, पट्टा बसत नाही. शिवाय वावरात जाणारा कास्तकार उन्हाळ्यात पहाटे निघतो आणि दिवस कलल्यावर परततो. आणि पावसाळा-हिवाळ्याच्या आठ महिन्यांना तर हा आक्षेप लागूही होत नाही. तेव्हाही हेल्मेट खुंटीवरच असतं, तेवढं बघा.

ऐकू येत नाही, ही दुसरी तक्रार. अमेरिकेत १९९४ मध्ये यावर मुद्दाम चाचण्या झाल्या. हेल्मेटमुळे हॉर्न ऐकण्यात किंवा मान वळवून बघण्यात अडथळा येत असल्याचं दिसलं नाही. कारण चालत्या गाडीवर ऐकणं अडतं ते वाऱ्याने आणि इंजिनाच्या आवाजाने, आणि हेल्मेट हॉर्नइतकाच तो गोंगाटही कमी करतं. मान दुखते म्हणणाऱ्यांनी वजन बघून घ्यावं, सव्वा किलोच्या आतली हेल्मेटं मिळतात. खर्चाचं म्हणाल, तर आयएसआय खुणेचं बरं हेल्मेट हजाराच्या आसपास येतं. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता, म्हणजे हेल्मेटला क्विंटलाचा लहानसा हिस्साच पुरतो. रस्त्याच्या कडेला दोरीला टांगलेली दीडशे-दोनशेची टोपली घेऊ नयेत. त्यांत आतला थर एकतर नसतो, नाहीतर बोटाने दाबला की गादीसारखा मऊ दबतो. २०२१ च्या जूनपासून बीआयएस प्रमाणपत्राशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकायला मुळात बंदी आहे, पण पांदणीत जसा पोलीस नसतो तसा त्या दोरीजवळही नसतो.

शेवटी एक अगदी साधी शंका राहते: वावरात गेल्यावर ते ठेवायचं कुठे? टाकीवर नको आणि फवारणीच्या औषधाच्या पिशवीत तर मुळीच नको. थर्मोकोलवर पेट्रोल सांडलं की तो विरघळतो, आणि कित्येक कीटकनाशकांतलं द्रावणही त्याला खातं. वरून हेल्मेट नवंकोरं दिसतं, आतून कामातून गेलेलं असतं. एकदा जोरात आपटलेल्या हेल्मेटचीही तीच गत. चेपलेला थर पुन्हा फुगत नाही, ते टाकून द्यायचं. तेव्हा धुऱ्यावरच्या कडुलिंबाच्या सावलीत, फांदीला पट्ट्याने अडकवा. आणि परत निघताना घालण्याआधी उलटं करून झटकून घ्या, आत मुंगळे किंवा विंचू शिरलेला असू शकतो.