गिरणीचा पट्टा आणि गाडीचा पट्टा

आज आपण पट्ट्याविषयी बोलू. एक गिरणीला असतो तो, आणि दुसरा गाडीच्या इंजिनात असतो तो टायमिंगचा पट्टा. तुम्ही म्हणाल, हा काय बायकांच्या कार्यक्रमातला विषय झाला? पण आता कितीतरी गटांकडे गिरणी आहे, मिरची कांडप आहे, शेवयांचं मशीन आहे. काही गटांनी कर्ज काढून टेम्पो घेतलाय. मशीन आपल्या नावावर, हप्ता आपल्या नावावर, मग त्याच्या पोटात काय चाललंय हे आपल्यालाही थोडं कळायला हवं.

आमच्या गटाकडे गिरणी आधीपासून आहे. माल बाजाराला न्यायला एक जुना डिझेल टेम्पोही घेतला, सेकंडहँड. त्याचा हप्ता अजून चालू आहे. ऑईल बदलायला गाडी गॅरेजला गेली, तेव्हा मिस्त्रींनी विचारलं, टायमिंग बेल्ट कधी बदललाय? कुणालाच माहीत नव्हतं. आधीच्या मालकालाही सांगता येईना. मासिक बैठकीत विषय निघाला आणि दोघी-तिघी लगेच म्हणाल्या, गिरणीचा पट्टा आपणच बदलतो ना, मग हाही आपणच बदलू, मजुरी वाचेल. म्हणणं काही वावगं नव्हतं. बैठकीत त्यावर बराच वेळ बोलणं झालं, म्हणून आज तुमच्यापुढेही मांडतोय.

आधी गिरणीचं. हे काम आपण शिकावंच असं आमचं ठाम मत आहे. पहिली गोष्ट म्हणजे वीज. मेन स्विच बंद करायचा, फ्यूज काढायचा आणि ज्या बाईचे हात मशीनमध्ये आहेत तिच्याच कमरेला तो खोचलेला असायचा. म्हणजे बाहेरून कुणी येऊन बटण दाबलं तरी मशीन चालू होत नाही. मग पट्ट्यावरचा नंबर वाचायचा. बी ५६ असं काहीतरी छापलेलं असतं. बी ही पट्ट्याची जात, तिची वरची रुंदी १७ मिलिमीटर. ५६ म्हणजे आतून ५६ इंच लांबी. नंबर पुसला असेल तर जुना पट्टाच पिशवीत घालून दुकानात न्यायचा, अंदाजाने मागायचा नाही.

मोटरच्या पायाचे नट सैल करून मोटर पुढे सरकवली की पट्टा हाताने निघतो. पुष्कळ जण आळस करतात, मोटर न सरकवता स्क्रू ड्रायव्हर घालून पट्टा उचकटतात. त्याने आतले दोरे तुटतात, वरून दिसत नाही इतकंच. पुलीला दोन खाचा असतील तर दोन्ही पट्टे एकदम बदला. एक जुना ताणलेला आणि एक नवा असं ठेवलं तर सगळा भार नव्यावर येतो. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का, हे ताणलेली दोरी लावून बघता येतं. मग ताण. दोन पुल्यांमध्ये मीटरभर अंतर असेल तर मधोमध अंगठ्याने दाबल्यावर पट्टा अर्ध्या इंचाहून जरा जास्त दबला पाहिजे. फार कसला तर बेअरिंग तापतं, सैल राहिला तर पट्टा घसरतो आणि जळक्या रबराचा वास येतो. नवा पट्टा पहिल्या एक-दोन दिवसांत थोडा ताणतो, तेव्हा एकदा परत कसायचा. आणि बायांनो, जाळी परत बसवल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही. पदर आणि वेणी पट्ट्याला दिसायला वेळ लागत नाही.

यात आपलं काही चुकलंच तर काय होतं? पट्टा घसरतो, आवाज करतो. मशीन बंद करायचं, परत कसायचं. तासभर गेला, दळण थांबलं, संपलं. उलट फिटरला बोलवायचं म्हटलं तर तो आज येतो म्हणतो आणि परवा येतो. तोवर दळणाचे डबे दुसऱ्या गिरणीत जातात, आणि गेलेलं गिऱ्हाईक लवकर परत येत नाही.

आता गाडीचा पट्टा. हा बाहेरून दिसत नाही, इंजिनाच्या बाजूला झाकणाखाली असतो. रबराचाच, पण आतल्या बाजूला दाते असतात. तो काय करतो ते सांगतो. तुमच्यापैकी थोरल्यांनी एका उखळात दोघींनी कांडलेलं असेल. एकीचं मुसळ वर, तेव्हा दुसरीचं खाली. ताल चुकला की मुसळावर मुसळ आदळतं. इंजिनात तसंच आहे. पिस्टन खालून वर येतो आणि वरून व्हॉल्व्ह खाली उतरतात, हवा आत घ्यायला आणि धूर बाहेर सोडायला. जागा एकच. पिस्टन वर आला की व्हॉल्व्हने तिथून निघून गेलेलं असलं पाहिजे. हा ताल टायमिंगचा पट्टा सांभाळतो. खालच्या क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा वरच्या कॅमचा एक, म्हणून वरच्या पुलीला खालच्याच्या दुप्पट दाते असतात.

डिझेल इंजिनात हवा फार दाबायची असते, त्यामुळे पिस्टन वर आल्यावर मध्ये जागाच उरत नाही. पट्टा एक-दोन दाते चुकून बसला तर गाडी नीट चालू होत नाही, धूर टाकते, चढाला दम खाते. जास्त चुकला किंवा चालत्या गाडीत तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि व्हॉल्व्ह वाकतात. मग हेड खाली उतरवायचं, व्हॉल्व्ह नवे, गॅस्केट नवं, कधी पिस्टनही. गाडी कितीतरी दिवस गॅरेजमध्ये, बाजार बुडतो, हप्ता मात्र तारखेला येतोच.

म्हणून बैठकीत आम्ही हिशेब असा मांडला. स्वतः केलं तर वाचतं काय? फक्त मजुरी. पट्टा आणि बेअरिंगचे पैसे द्यावेच लागतात. वर हत्यारं हवीत. क्रँकचा बोल्ट भयंकर घट्ट असतो, तो ठरावीक जोरानेच कसायचा म्हणून मापाचा पाना लागतो, पुल्या हलू नयेत म्हणून पिना लागतात. काही गाड्यांत इंजिनाला खालून टेकू देऊन एका बाजूचा माउंटिंगही सोडावा लागतो. एवढं सगळं घेऊन काम कितीदा करणार? काही वर्षांतून एकदा. गिरणीचा पट्टा बदलून बदलून हात बसतो, याचा बसत नाही. बायकांना जमणार नाही, हे कारण आमच्या बैठकीत कुणी दिलं नाही आणि दिलं असतं तर चाललंही नसतं. एका सदस्येची मुलगी आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा ट्रेड शिकतेय. शिकलेल्या, हत्यार असलेल्या बाईने हे काम जरूर करावं. आम्ही ते शिकलेलो नाही, आणि शिकायला कर्जाच्या गाडीचं इंजिन वापरणं परवडत नाही.

तेव्हा पैसे द्यायचे ठरलं. पण पैसे दिले म्हणून घरी येऊन बसायचं नाही, असंही ठरलं.

दोन गॅरेजमध्ये विचारलं. एकाने नुसत्या पट्ट्याचा भाव सांगितला, तो कमी होता. दुसऱ्याने पट्टा, त्याला ताण देणारा टेन्शनर आणि बेअरिंग असा सेट सांगितला. आम्ही महाग सांगणाऱ्याकडे गेलो. कारण जुनं बेअरिंग चार महिन्यांनी जाम झालं तर नवा पट्टाही घेऊन जातं, आणि उघडायची मजुरी दुसऱ्यांदा पडते. तुमच्या गाडीचा वॉटर पंप याच पट्ट्यावर चालत असेल तर त्याचंही तेव्हाच विचारा. जवळपास ऑईल गळत असेल तर ते सील आधी बदलून घ्या, तेलाने रबर फुगतं.

काम चालू असताना आम्ही तिघी तिथेच होतो. ताई, तुम्ही बाकड्यावर बसा, चहा घ्या, असं म्हणाले. चहा घेतला, पण उभ्यानेच. पुल्यांवरच्या खुणा जुळवून मिस्त्रींनी पांढऱ्या रंगाने टिपके दिले, मग पट्टा काढला. पट्टा निघाल्यावर क्रँक कुणी फिरवायचा नसतो. नवा पट्टा बसवून ताण दिल्यावर त्यांनी लगेच चावी लावली नाही. क्रँकला पाना लावून हाताने पूर्ण दोन फेरे फिरवले. खुणा परत जागेवर आल्या, मध्ये कुठे अडलं नाही, मग स्टार्टर मारला. मैत्रिणींनो, हे दोन फेरे तुम्ही बघायला मागा. चूक असेल तर हाताला अडकते आणि तिथेच थांबता येतं, स्टार्टरला ते कळत नाही.

जुना पट्टा आम्ही मागून घेतला. पाठीवर बारीक भेगा होत्या, एका कडेचे दोरे सुटले होते. पण तुमचा पट्टा चांगला दिसला म्हणून निर्धास्त राहू नका, वरून धड दिसणारा पट्टाही तुटतो. म्हणून तो दिसण्यावर नाही, किलोमीटर आणि वर्षांवर बदलायचा असतो. आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो, दोन्हींपैकी जे आधी भरेल ते. गाडी उभी राहिली तरी रबर म्हातारं होतंच. काही गाड्यांत पट्ट्याऐवजी साखळी असते, तेही पुस्तिकेत किंवा गॅरेजमध्ये कळतं.

पक्कं बिल घेतलं. तारीख आणि किलोमीटर प्रोसिडिंगच्या वहीत लिहिले, आणि चिठ्ठी चिकटपट्टीने गाडीतही लावली, कारण वही सचिवाच्या घरी असते आणि गाडी रस्त्यावर. आता टेम्पोच्या उत्पन्नातून दर महिन्याला १५० रुपये देखभालीला बाजूला पडतात. ४ वर्षांत ७,२०० रुपये होतात. पुढच्या वेळी अंतर्गत कर्ज काढायला नको.

ज्यांनी जुनी गाडी घेतली आहे आणि पट्टा कधी बदलला याचा कागद नाही, त्यांनी तो बदलायचाच आहे असं धरून चाला. आणि तुमच्या चालकाला आजच एक सांगून ठेवा. चालती गाडी एकदम बंद पडली आणि स्टार्टर नेहमीपेक्षा हलका, भरभर फिरतोय असं वाटलं तर परत परत चावी मारायची नाही आणि धक्का देऊनही चालू करायची नाही. पट्टा तुटलेला असू शकतो. दोर लावून गॅरेजला न्यायची.