मोठ्या टँकला कोणता फिल्टर?

आजचा प्रश्न वटारहून आलाय. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टँक, गोड्या पाण्याचा. त्यात ऑस्कर सोडायचेत. फिल्टर कोणता घ्यावा? आणि पावसाळ्यात लाईट जाते, तिचं काय?

आधी हिशोब करूया. हा टँक काठोकाठ भरला तर साधारण ६८० लिटर पाणी. म्हणजे नुसतं पाणीच ६८० किलो. स्टँड आणि जमीन आधी बघा, फिल्टर नंतर.

आता फिल्टर नेमकं करतो काय? कचरा अडवणं हे त्याचं छोटं काम. मोठं काम जिवाणूंचं. माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. तो विषारी. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य, आणि पाणी बदललं की कमी होतं. आपल्याकडची बावखलं आठवा. तिथे हेच काम गाळ आणि पाणवनस्पती करतात. टँकमध्ये तेवढी जागा नसते, म्हणून फिल्टर लागतो. ऑस्कर तर खादाड, घाणही तेवढीच करतो.

छोटे स्पंज फिल्टर या टँकला एकटे पुरणार नाहीत. उरतात दोन पर्याय: कॅनिस्टर आणि सम्प.

कॅनिस्टर म्हणजे बंद डबा. आवाज कमी, जागा कमी, पाणी सांडायची भीती कमी. पण डबा बंद असल्यामुळे लाईट गेली की आतला ऑक्सिजन संपत जातो आणि जिवाणू मरू लागतात. काही तासांनी लाईट आली आणि तो तसाच सुरू झाला, तर आतलं सडकं पाणी थेट माशांवर. म्हणून लाईट बराच वेळ गेली असेल तर प्लग काढून ठेवा. डबा उघडा, मीडिया टँकच्याच पाण्यात खळबळून घ्या, मग चालू करा. नळाच्या पाण्यात धुऊ नका, त्यातलं क्लोरीन जिवाणूंना मारतं.

सम्प म्हणजे खाली ठेवलेला दुसरा टँक. मीडिया भरपूर मावतो, वरून उघडा असल्यामुळे हवा लागते, साफसफाई सोपी. माझं मत इथे सम्पलाच. फक्त एक गोष्ट नीट करा. पंप थांबला की वरचं थोडं पाणी खाली येतं. या टँकमधलं एक इंच पाणी म्हणजे २८ लिटर! दोन इंच उतरलं तर ५६. तेवढी जागा सम्पमध्ये रिकामी हवीच, नाहीतर घरभर पाणी. परतीच्या पाइपला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली छोटं भोक पाडा, म्हणजे उलटं ओढणं लवकर तुटतं. मासे सोडण्याआधी मुद्दाम प्लग काढून बघा.

पंप किती मोठा? तासाला टँकच्या चार-पाच पट पाणी फिरावं, म्हणजे साधारण तीन हजार लिटर. पण खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. तुमचा पंप चार-साडेचार फूट वर पाणी चढवणार. त्या उंचीला किती मिळतं ते विचारून घ्या. पन्नास वॉटचा पंप महिन्याला ३६ युनिट खातो, तेही धरा.

लाईट गेल्यावर पहिली गरज हवेची. बॅटरीवरचा एअर पंप आणि एक स्पंज फिल्टर कायम टँकमध्ये ठेवा. आणि त्या वेळी खाणं टाकू नका.

शेवटी पाणी. किनाऱ्याजवळच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, तेव्हा विहिरीचं पाणी तपासल्याशिवाय भरू नका. फिल्टर बसवल्यावर चार ते सहा आठवडे धीर धरा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की मगच ऑस्कर.

तुमचे प्रश्न पाठवत राहा. भेटू पुढच्या भागात.