अब्बांचे सात तुकडे
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

माझे अब्बा खामगावच्या कापूस बाजारात मापाडी होते. मापातली खोट त्यांना लांबून कळायची. म्हातारपणी ते बाजाराच्या गोष्टी सांगू लागले, तेव्हा मी मोबाइलवर त्यांचे पंचवीस व्हिडिओ काढले. मोबाइल भरला. ‘६४ जीबी’ छापलेले एक स्वस्त कार्ड आणले, सगळे त्यात उतरवले आणि मोबाइल रिकामा केला. अब्बा गेल्यावर पाहायला बसलो. सात व्हिडिओ चालले. बाकीच्यांची नावे दिसत होती, पण एकही उघडेना.

माझा भाचा पुण्यात राउटरच्या सॉफ्टवेअरचे काम करतो. त्याने कार्ड तपासले. म्हणाला, ‘‘मामू, हे ८ जीबीचेच आहे. ६४ सांगायला त्याला शिकवलंय. जागा संपली तरी ते ‘लिहिलं’ असंच म्हणतं.’’

मग इमानदार चिप कशी असते? तीही निर्दोष नसते, हे ऐकून मी चाट पडलो. १०२४ कप्प्यांच्या एखाद्या फ्लॅश चिपमध्ये २० पर्यंत कप्पे खराब असले तरी ती विकली जाते. फक्त कारखाना त्या कप्प्यांवर खूण करून देतो. कोऱ्या कप्प्यातला प्रत्येक बिट १ असतो. ठरलेल्या जागी वेगळे काही दिसले, की तो कप्पा बाद. राउटर चालू होताना सर्वांत आधी जागा होणारा छोटा प्रोग्रॅम, म्हणजे बूटलोडर, अशा कप्प्यांची यादी करतो आणि त्यांना वगळून चालतो. मात्र आधी पाहायचे, मग पुसायचे. घाईने सरसकट पुसले तर खूणही जाते, आणि खराब कप्पा चांगल्यासारखा दिसू लागतो. पुढे वापरात झिजून बिघडलेले कप्पे लिहिताना-पुसताना सापडतात, तेही यादीत जातात.

खोट्या कार्डावर अशी खूण कोण करणार? तिथे उपाय एकच. काठोकाठ लिहा, परत वाचा, ताडून पाहा. आपल्याकडे पेरणीआधी सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात, सत्तर उगवले तरच बियाणे शेतात जाते. एवढे जिल्ह्यातल्या पोरालाही ठाऊक. मापाड्याच्या मुलाला मात्र सुचले नाही.

नवे कार्ड आणले. भाच्याने ते भरून, वाचून पाहिले. दुपार गेली त्यात. मग ते सात व्हिडिओ त्यावर ठेवले. एक प्रत पुण्याला आहे.