वनवासी पाडा आणि हवामानाचे शास्त्र



हवामानबदलाची चर्चा परिषदांच्या सभागृहांत रंगते; त्याचा पहिला तडाखा मात्र डोंगरउतारावरच्या कोरडवाहू शेताला बसतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी संपादित केलेला केंद्रीय पृथ्वीविज्ञान मंत्रालयाचा अहवाल २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार १९५१ ते २०१५ या काळात देशातील मान्सूनचा पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला. मध्य भारतात मात्र एका दिवसात १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडण्याच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या. उघड्या डोंगरावर असा पाऊस कोसळला की माती वाहून जाते आणि उन्हाळ्यात विहीर कोरडी पडते.

यावर शास्त्र उपाय सांगते : धावणाऱ्या पाण्याला चालायला लावावे, चालणाऱ्याला थांबवावे, थांबलेल्याला जिरवावे. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने ‘अनुकूलन’ हा शब्द प्रचारात येण्यापूर्वीच हे करून दाखविले. वनवासी कल्याण आश्रमाचे कार्यकर्ते चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने १९९०च्या दशकात गावाने एकमुखाने कुऱ्हाडबंदी स्वीकारली. नियम मोडणाऱ्यास दंड ठरला, राखणीची व्यवस्था गावानेच उभारली, श्रमदानातून बंधारे झाले. आज ४०० हेक्टरांहून अधिक जंगल या गावाने राखले आहे. विहिरींना पाणी आले, भातशेती सुधारली. गावातील वनभाजी महोत्सवात माताभगिनी रानातील भाज्या, कंद ओळखून रांधतात. पीक बुडाल्यास घराला आधार देणारे ते ज्ञान आहे. चैत्रामजींना २०२५ साली पद्मश्री घोषित झाली, तो सन्मान साऱ्या पाड्याचा आहे.

येथे एक भ्रम दूर व्हावयास हवा. वनवासी अज्ञानी, त्याला शिकवावयाचे, ही नागरी समजूत असत्य आहे. उपग्रह पावसाचे मोठे चित्र दाखवितो. कोणता ओहोळ कधी आटतो, कोणते वाण कमी पावसात तगते, हे पाड्यावरची आजी सांगते. दोहोंची सांगड पडल्याविना योजना कागदावरच राहते. हे ज्ञान टिपून घेऊन पाड्याला विसरणे हाही अन्यायच होय. २००६च्या वनाधिकार कायद्याने सामूहिक वनाच्या रक्षणाचा आणि पारंपरिक ज्ञानावरील हक्क ग्रामसमाजाला दिला आहे. संशोधकाने ग्रामसभेची संमती घ्यावी आणि निष्कर्ष तिच्या भाषेत तिच्यासमोर ठेवावेत.

अर्थात, एका गावाचे जंगल पृथ्वीचा ताप उतरवू शकत नाही. ज्यांच्या चुलीचा धूर सर्वांत थोडा, त्यांच्याच माथी सर्वाधिक झळ यावी, हा विषम न्याय आहे. म्हणूनच शहरातील कुटुंबांनी पाड्यावर जाताना दात्याच्या नव्हे, विद्यार्थ्याच्या भावनेने जावे. ऋण फेडण्याचा आरंभ ते मान्य करण्यातूनच होतो.