मेल येतो, पण दिसत नाही: पॉप, आयमॅप आणि मामाचं ऑफिस

लोकलमध्ये लटकत ऐकत असाल किंवा घरी भांडी घासत, तुमचं स्वागत. आजचा विषय नाव ऐकूनच झोप येईल असा आहे: ऑफिसच्या ईमेलची पॉप आणि आयमॅप सेटिंग्ज. पण याच सेटिंगपायी एका मुलीची नोकरी जाता जाता राहिली, म्हणून बोलतेय.

माझ्या मामाचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा छोटा धंदा आहे. बोरीवली पूर्वेला, एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात. एकूण नऊ मेलबॉक्स, सगळे मायक्रोसॉफ्ट ३६५ वर. त्यातला ऑर्डर्सचा मेलबॉक्स अकाउंट्सवाली मुलगी बघते. दोन महिने एकच कटकट चालू होती. गिऱ्हाईक म्हणतं, ‘पीओ पाठवली’, आणि इथे मेलच नाही. स्पॅममध्ये नाही, डिलीटेडमध्येही नाही. एक मोठी ऑर्डर हातची गेली आणि मामाने ठरवून टाकलं की हीच पोरगी मेल उडवते. मला फोन केला, “तू इंजिनियर ना? पुरावा काढून दे, मग तिला घरी बसवतो.”

रविवारी गेले. पहिलं काम म्हणजे मेसेज ट्रेस. मेल खरंच आला का, कधी आला, हे अ‍ॅडमिनला तिथे दिसतं. हरवलेले सगळे मेल व्यवस्थित डिलिव्हर झालेले. म्हणजे मेल आला होता, नंतर कोणीतरी उचलला. पण वेळा बघितल्या आणि मी थांबले. सगळे मेल संध्याकाळी सातनंतरचे. ती मुलगी साडेसहाला निघते. सात वाजता ती विरार लोकलमध्ये उभी असते आणि तिच्या फोनवर ऑफिसचा मेल नाहीच.

आता थोडं टेक्निकल, पण सोपं करून सांगते. तुमचा मेलबॉक्स क्लाउडवर असतो आणि त्यात शिरायचे रस्ते बरेच असतात. ब्राउझर, आउटलुक, फोनवरचं अ‍ॅप, आणि आयमॅप आणि पॉप. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवरच राहतो, तुम्हाला त्याचं प्रतिबिंब दिसतं. पॉप जुन्या काळचा, १९८४ सालचा. तेव्हा इंटरनेट सतत चालू नसायचं, म्हणून मेल आपल्या मशीनवर उतरवून घ्यायचा आणि सर्व्हर रिकामा करायचा, अशी पद्धत. ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ ही टिक नसेल, तर पॉप आजही तेच करतो. आणि पॉपला फक्त इनबॉक्स दिसतो, बाकीचे फोल्डर नाही.

इथे कोडं सुटलं. ती मुलगी शिस्तीची. दिवसभराचा प्रत्येक मेल गिऱ्हाइकाच्या फोल्डरमध्ये टाकूनच घरी जाते. ते मेल सुरक्षित. ती गेल्यावर इनबॉक्समध्ये जे पडेल, ते रात्री कोणीतरी उचलून नेत होतं.

कोण? साइन-इन लॉग उघडला. तिथे एक गंमत आहे. पहिला टॅब माणसाने स्वतः केलेल्या लॉगिनचा असतो. त्यात काहीच नाही. शेजारचा ‘नॉन-इंटरॅक्टिव्ह’ टॅब बघितला, तर रोज रात्री थंडरबर्ड नावाचं अ‍ॅप. आयपी अ‍ॅड्रेस मामाच्या घरचा!

घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर कधीतरी कोणा कॉम्प्युटरवाल्याने ‘बॅकअपसाठी’ थंडरबर्ड बसवून त्यात पॉपने ऑर्डर्सचा मेलबॉक्स जोडला होता. टिक काढलेली. रात्री मामेभाऊ गेम खेळायला मशीन चालू करतो, थंडरबर्ड आपोआप उघडतं आणि इनबॉक्स साफ. सगळ्या हरवलेल्या पीओ तिथे नीट रांगेत होत्या.

तुम्ही म्हणाल, पॉप तर मायक्रोसॉफ्टने बंद केलं ना? इथेच गफलत होते. १ ऑक्टोबर २०२२ पासून त्यांनी नुसत्या युजरनेम-पासवर्डवर आत सोडणं बंद करायला सुरुवात केली. पॉप आणि आयमॅप बंद झाले नाहीत. नव्या पद्धतीने एकदा ओळख पटवली की ते चालूच. आणि एक्सचेंज ऑनलाइनमध्ये प्रत्येक मेलबॉक्सला हे दोन्ही सुरुवातीपासून चालूच असतात. कोणी मुद्दाम बंद केले नाहीत तर तुमच्याकडेही असतील.

तपासायचं कसं? अ‍ॅडमिन लॉगिन हवं. अ‍ॅडमिन सेंटरमध्ये ‘अ‍ॅक्टिव्ह युजर्स’, तिथे माणसाचं नाव, मग ‘मेल’ टॅब, मग ‘मॅनेज ईमेल अ‍ॅप्स’. तिथे टिकांची यादी दिसते. मेलबॉक्स जास्त असतील तर एकेक उघडत बसू नका. पॉवरशेलमध्ये ‘गेट-कॅसमेलबॉक्स’ ही कमांड, कॅस म्हणजे सी-ए-एस, सगळ्यांची यादी एकदम देते. आणि उद्या नवीन माणूस आला की त्याला पॉप पुन्हा चालू मिळेल, म्हणून ‘सेट-कॅसमेलबॉक्सप्लॅन’ने तेही बंद करून ठेवा. गुगल वर्कस्पेस असेल तर अ‍ॅडमिन कन्सोलमध्ये जीमेलच्या ‘एंड युजर अ‍ॅक्सेस’खाली पॉप-आयमॅपची सेटिंग आहे.

आता माझी चूक ऐका. उत्साहात मी यादीतल्या सगळ्याच अनोळखी टिका काढल्या. त्यात ‘ऑथेंटिकेटेड एसएमटीपी’ होतं. सोमवारी सकाळी मामाचा फोन, स्कॅनर मेल पाठवत नाही! ते मेल वाचायचं नाही, पाठवायचं सेटिंग आहे. स्कॅनर, बिलिंग सॉफ्टवेअर अशी मंडळी ते वापरतात. तेव्हा आधी विचारा, या मेलबॉक्सला कुठलं मशीन, कुठलं सॉफ्टवेअर जोडलंय? मग बंद करा, एकेक करून.

मेल खरंच उडाला असेल तर घाईने आउटलुकचं ‘रिकव्हर डिलीटेड आयटम्स’ बघा. मुदत बदलली नसेल तर तिथे १४ दिवस मिळतात.

आणि ती मुलगी? सोमवारी मामाने तिला बोलावून सगळं सांगितलं. माफी मागितली की नाही, मला माहीत नाही. मामा सांगत नाही. पण दोन महिने ती रोज प्रत्येक मेलचा स्क्रीनशॉट काढून ठेवत होती, हे मला तिनेच दाखवलं. आपल्यावर संशय आहे हे तिला कळलेलं होतं. ते फोल्डर बघून मला जास्त वाईट वाटलं.

तेव्हा कोणावर आळ घ्यायच्या आधी दहा मिनिटं सेटिंग बघा. ज्यांच्या घरी धंदा आहे त्यांना हा भाग पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!